स्वरतंतूत रक्त उतरलंय आणि अंगात एहलर्स-डॅनलॉस किंवा मार्फन आहे: उपचार कसे करायचे, पायरीपायरीने

मागे माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. वर्गात फळ्याकडून वळून मागच्या बाकावरच्या मुलाला हाक मारायला गेल्या आणि त्या एका हाकेतच आवाज गेला. दुखलं नाही, ठसका नाही, काही नाही, पुढचा शब्द निघाला तो नुसती हवा आणि खरखर. दोन्ही हातांच्या बोटांना अंगठीसारखे स्प्लिंट होते, कारण त्यांना एहलर्स-डॅनलॉस, म्हणजे शरीर धरून ठेवणाऱ्या जोड-ऊतकांचा आनुवंशिक आजार (मार्फन हाही त्याच जातीचा), बोटं मागे वळतात. मी विचारत होते आणि त्या वहीत उत्तरं लिहून देत होत्या, तिसऱ्या ओळीला अंगठा सांध्यातून सरकला, त्यांनी दुसऱ्या हाताने तो जागेवर बसवला आणि रोजचंच असल्यासारखं पुढे लिहायला लागल्या. दुर्बिणीत उजवा स्वरतंतू पांढरा स्वच्छ, डावा या टोकापासून त्या टोकापर्यंत गडद लाल.

स्वरतंतूत रक्तस्राव झाला की आम्ही व्हॉईस थेरपिस्ट मंडळी एक ठरलेला सल्ला देतो, आठ दिवस बोलू नका, लिहून दाखवा, भरपूर पाणी प्या. त्या तिसऱ्या ओळीलाच मला कळलं की हा सल्ला या बाईंना जसाच्या तसा देता येणार नाही. लिहायचं म्हटलं तर हात निखळतो, पाण्याचं गणित वेगळं, गोळ्या वेगळ्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अशा माणसाचा आवाज अचानक गेला तर तो नेहमी घशाचाच प्रश्न असेल असंही नाही. त्यासाठीच हे सविस्तर लिहितेय. पेशंटनी वाचावं, घरच्यांनी वाचावं आणि ज्यांच्याकडे असा पेशंट पहिल्यांदाच येतोय त्या डॉक्टर-थेरपिस्टनीही वाचावं. एक विनंती आधीच, यातलं वाचून कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद किंवा चालू करू नका.

आत नेमकं काय झालेलं असतं

स्वरतंतू म्हणजे दोरी नाही, थर आहेत. वरती पातळ त्वचा, तिच्याखाली जेलीसारखा मऊ थर, मग लवचिक तंतूंचा, मग कोलॅजन या चिवट प्रथिनाचा घट्ट थर आणि सर्वात आत स्नायू. आवाज निघतो तो वरची त्वचा आणि तो जेलीसारखा थर लाटेसारखा थरथरतो म्हणून. बायकांच्या बोलण्यात ही थरथर सेकंदाला साधारण २०० वेळा होते, म्हणजे दिवसभरात नुसता २० मिनिटं खराखुरा आवाज काढला तरी २ लाख ४० हजार वेळा दोन पडदे एकमेकांवर आपटले. त्या मऊ थरात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. ओरडणं, जोराचा खोकला, उलटी, जड वस्तू उचलताना श्वास कोंडणं, यातल्या कशानेही एखादी फुटली की रक्त त्या थरात पसरतं, पडदा जड आणि ताठ होतो, लाट थांबते, आवाज जातो. इथे दुखणाऱ्या नसा जवळजवळ भानगडीत येतच नाहीत, म्हणून दुखत नाही.

आता ज्यांच्या शरीराचं विणकामच मुळात सैल आहे त्यांचं बघा. एहलर्स-डॅनलॉसचे २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १३ प्रकार धरलेत. क्लासिकल प्रकारात पाचव्या नंबरच्या कोलॅजनमध्ये दोष असतो, व्हॅस्क्युलर प्रकारात तिसऱ्या नंबरच्या, म्हणजे सीओएल३ए१ या जीनमध्ये, आणि हे तिसरं कोलॅजन रक्तवाहिन्यांच्या भिंतीत ठासून भरलेलं असतं. हायपरमोबाईल, म्हणजे सांधे अती सैल असलेला प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, पण त्याचा जीन सापडलेला नाही, निदान तपासून आणि इतिहास विचारूनच होतं. मार्फनमध्ये एफबीएन१ जीन आणि त्याचं फायब्रिलिन हे प्रथिन, लॉइस-डिट्झमध्ये टीजीएफ-बीटा या पेशींना निरोप देणाऱ्या प्रथिनाची यंत्रणा बिघडलेली, ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा या ठिसूळ हाडांच्या आजारात पहिलं कोलॅजन. नावं वेगळी असली तरी आपल्या कामाची गोष्ट एकच, वाहिनीची भिंत आणि वाहिनीला चारी बाजूंनी धरून ठेवणारा आधार, दोन्ही कच्चे. म्हणून अंगावर जरा लागलं की काळंनिळं पडतं, आणि रक्त गोठायच्या तपासण्या मात्र बहुतेकदा नॉर्मल येतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे रक्तस्रावाचा धोका नाही असा अर्थ या लोकांच्या बाबतीत काढायचा नाही.

पायरी १: आधी खात्री करा की हे घशातलंच आहे

हे सगळ्यात आधी, बाकी सगळं नंतर. डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस मेंदूकडून खाली छातीत जाते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि परत वर घशात येते. महाधमनी फुगली किंवा तिची भिंत चिरली तर ती नस दाबली जाते आणि आवाज घोगरा होतो. मार्फन, लॉइस-डिट्झ आणि व्हॅस्क्युलर एहलर्स-डॅनलॉस या तिघांतही महाधमनी किंवा मोठ्या धमन्या फाटायचा धोका असतो. त्यामुळे यातला कुणी म्हणाला की आवाज अचानक गेला, तर पहिला प्रश्न घशाचा नाही, छातीचा विचारायचा.

छातीत, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये, मानेत किंवा पोटात अचानक फाटल्यासारखं दुखतंय का? कधी नव्हे अशी डोकेदुखी, एक पापणी खाली आलीय, एक बाहुली लहान झालीय, हातपाय किंवा चेहरा बधिर वाटतोय, चक्कर येऊन पडलात? श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय, धाप लागलीय, गिळता येत नाही? यातलं एक जरी हो असलं तर व्हॉईस क्लिनिकची अपॉइंटमेंट घेत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा आणि दारातच आजाराचं नाव सांगा, म्हणा की मला मार्फन आहे, महाधमनीचा सीटी अँजिओ लागू शकतो. वय कमी दिसतं, अंगाने बारीक, ईसीजी ठीक, म्हणून अशा पेशंटला अॅसिडिटी म्हणून घरी पाठवलं जाऊ शकतं, तेव्हा नाव तुम्हीच पुढे करायचं.

दुसरी खूण. स्वरतंतूतलं रक्त त्वचेच्या खाली अडकलेलं असतं, बाहेर येत नाही. थुंकीतून लाल रक्त येत असेल तर ते सहसा स्वरतंतूचं नसतं, फुफ्फुसातून, नाकामागून किंवा हिरड्यांमधून येत असतं. व्हॅस्क्युलर प्रकारात फुफ्फुसातूनही रक्त येऊ शकतं. म्हणजे ती तपासणी वेगळी आणि तातडीची.

यातलं काही नसेल, नुसता आवाज गेलाय आणि तो ओरडताना, गाताना, खोकताना गेलाय, तर शक्यतो त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. आणि या क्षणापासून पायरी २.

पायरी २: आवाज बंद, पण हातांचा विचार करून

दुर्बीण होईपर्यंत वाट बघायची नाही, शंका आली की बोलणं थांबवायचं. बोलायचं नाही म्हणजे कुजबुजायचंही नाही. कुजबुज मऊ वाटते पण बरेच लोक कुजबुजताना स्वरयंत्राच्या वरचा भाग आवळून धरतात आणि ज्यांचे सांधे सैल असतात ते तर आवळण्यात पटाईत झालेले असतात, कारण आयुष्यभर शरीर स्नायूंनीच धरून ठेवलेलं असतं. खाकरायचं नाही, खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी गिळायचं. गुणगुणायचं नाही, मनातल्या मनात गाणंही नको, ताण येतो. फोनवर "हं" म्हणणं हेसुद्धा बोलणंच आहे.

किती दिवस? साध्या माणसात पूर्ण मौन साधारण ५ ते ७ दिवस, मग पुन्हा दुर्बीण, आणि रक्त बहुतेकदा दोनेक आठवड्यात जिरतं, आधी लाल, मग पिवळसर, मग स्वच्छ, मुका मार जसा रंग बदलत जातो तसंच. या पेशंटांत जखम सावकाश भरते, म्हणून मी कॅलेंडर बघून परवानगी देत नाही, दुर्बिणीत काय दिसतंय ते बघून देते. कधी ७ दिवसांत सुटका होते, कधी दोन आठवडे लागतात. त्यापुढे पूर्ण मौन ताणण्यात फायदा कमी आणि स्नायू सुस्तावायचं नुकसान जास्त, तिथून पुढे अगदी थोडा, मऊ आवाज सुरू करून देणं बरं.

आता लिहून दाखवण्याचं. ज्यांची बोटं निखळतात त्यांना आठ दिवस वही किंवा मोबाईलवर टाइप करत बसायला सांगणं म्हणजे घसा वाचवून हात घालवणं. त्या शिक्षिकांसोबत आम्ही पहिला अर्धा तास याच कामात घालवला. मोबाईलमध्ये टाइप केलेलं मोठ्याने वाचून दाखवणारं अॅप टाकलं, त्यात रोज लागणारी तीसेक वाक्यं आधीच भरून ठेवली, "हो", "नाही", "दुखतंय", "थांबा", "फोन नंतर करते", "मला बोलायची मनाई आहे", म्हणजे एका टिचकीत काम. जाड पेन, नाहीतर पेनला फोम गुंडाळून. मोबाईल हातात धरायचा नाही, स्टँडवर ठेवायचा, नाहीतर मनगट आणि मान दोन्ही जातात. घरच्यांनी हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारायचे. आणि एक फार साधी गोष्ट, घरच्यांनी दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, कारण हाकेला ओ देणं ही सवय मौनापेक्षा जुनी असते.

पायरी ३: गोळ्यांची यादी टेबलावर मांडा

सगळ्या गोळ्या, थेंब, पावडरी, सप्लिमेंट, एकूण एक. इथे घाईही करायची नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपासून सुरू करू. मार्फनच्या बऱ्याच जणांची महाधमनीची शस्त्रक्रिया झालेली असते, धातूची झडप बसवलेली असते आणि आयुष्यभर वॉर्फरिन चालू असतं. घशात रक्त उतरलं म्हणून घाबरून वॉर्फरिन बंद करणारा पेशंट स्वतःचा जीव धोक्यात घालतोय, झडपेवर गाठ धरली तर मेंदूला झटका येऊ शकतो. स्वरतंतूतलं रक्त जिरतं, मेंदूतलं नुकसान जिरत नाही. तर करायचं काय, त्याच दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, तपासायचा, तो ठरवून दिलेल्या पट्ट्याच्या वर गेलाय का बघायचा आणि निर्णय हृदयाच्या डॉक्टरांनीच घ्यायचा. अॅस्पिरिनचंही तेच, कुणी सांगून दिलीय आणि कशासाठी हे विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

मग वेदनाशामक. सांधे रोज दुखतात म्हणून हायपरमोबाईल प्रकारातले कितीतरी जण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन अशा गोळ्या अगदी सवयीने घेतात आणि त्या औषधात मोजतही नाहीत. या गोळ्या रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींचं काम मंदावतात, रक्त जिरेपर्यंत डॉक्टरांना विचारून त्या बंद आणि त्याऐवजी पॅरासिटामॉल, दिवसाची मर्यादा पाळून. पॅरासिटामॉलने भागत नसेल तर दुखणं सोसत बसू नका, कारण दुखणारा माणूस अंग आवळतो, झोपत नाही, विव्हळतो आणि विव्हळणं हाही आवाजच. डॉक्टरांना विचारा, प्लेटलेटवर फारसा परिणाम न करणारे पर्याय असतात.

नैराश्याच्या किंवा मज्जातंतूंच्या दुखण्याच्या काही गोळ्या, ड्युलॉक्सेटिन, सरट्रालिन वगैरे, त्याही प्लेटलेटवर थोडा परिणाम करतात. त्या अचानक सोडल्या तर वेगळाच त्रास होतो, त्यामुळे फक्त डॉक्टरांच्या कानावर घालायचं. फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, जिंको, व्हिटॅमिन ई हे मात्र डॉक्टरांना सांगून बिनधास्त बंद करून टाका, त्याशिवाय महिनाभर कुणाचं अडत नाही.

अजून तीन गोष्टी ज्या हमखास सुटतात. एक, बीपीसाठी किंवा महाधमनीसाठी एनालाप्रिल, रॅमिप्रिल अशा जातीची गोळी चालू असेल तर तिने कोरडा खोकला येतो, आणि खोकला म्हणजे स्वरतंतूवर हातोडा. लोसार्टनच्या जातीच्या गोळ्यांनी तो खोकला सहसा येत नाही, बदलता येईल का विचारा. दोन, घसा बसला म्हणून कुणी अँटिबायोटिक लिहून दिलं आणि ते सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन असेल तर थांबा. या गटातल्या औषधांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिला होता की महाधमनी फुगायचा, फाटायचा धोका वाढतो आणि त्यात मार्फन व एहलर्स-डॅनलॉस ही नावं घेऊन सांगितलंय, दुसरा पर्याय असेल तर देऊ नका. तसंही स्वरतंतूतल्या रक्तस्रावाला अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. तीन, नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिन वगैरेच्या गोळ्या बीपी वाढवतात, नको.

स्टिरॉइडबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गायकाचा कार्यक्रम तोंडावर आला की सूज उतरवायला स्टिरॉइडचा छोटा कोर्स द्यायची पद्धत आहे. स्टिरॉइडने फुटलेली वाहिनी सांधत नाही, उलट आवाज बरा वाटतो आणि माणूस बोलायला लागतो. त्यात ज्याची त्वचा आणि वाहिन्या आधीच कमकुवत त्याला ऊतक आणखी पातळ करणारं, बीपी चढवणारं औषध द्यायला फार सबळ कारण हवं. श्वासाची वाट सुजलीय, हे असं कारण आहे. शनिवारी कार्यक्रम आहे, हे नाही.

पायरी ४: दुर्बीण

कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेल्यावर स्ट्रोबची सोय असलेली दुर्बीण मागा. साध्या दुर्बिणीत लाली दिसते, स्ट्रोबच्या लुकलुकत्या प्रकाशात लाट आहे की नाही, कुठे अडतेय, तिच्या मुळाशी एखादी फुगलेली वाहिनी आहे का, हे कळतं. आणि डॉक्टरांनी एक गोष्ट मुद्दाम बघायची, स्वरतंतू हलतोय का. रक्त उतरलेला स्वरतंतू ताठ असतो पण उघडझाप करतो. जो जागचा हलतच नाही तो नसेचा मामला, मग पायरी १ कडे परत, छातीचा स्कॅन.

तोंडातून घालायची सरळ कडक दुर्बीण चित्र छान देते पण त्यासाठी जबडा मोठा उघडावा लागतो आणि जीभ बाहेर ओढून धरावी लागते. ज्यांचा जबडा निखळतो त्यांना नाकातून घालायची बारीक लवचिक दुर्बीणच बरी. नाकाची त्वचाही नाजूक असते, भरपूर जेल, बारीकात बारीक नळी आणि सावकाश हात. बधिर करायचा स्प्रे हायपरमोबाईल प्रकारात बऱ्याच जणांना नीट लागत नाही किंवा लवकर उतरतो, पेशंट "अजून जाणवतंय" म्हणाला तर नाटक करतोय असं समजू नका, थांबा, डॉक्टर ठरवतील तसं पुन्हा मारा. ओकारी आली, ठसका लागला तर त्या धक्क्यानेच पुन्हा रक्त उतरायचं.

पायरी ५: रक्ताच्या तपासण्या आणि रक्त थांबवायची औषधं

सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी आणि प्लेटलेट, पीटी-आयएनआर आणि एपीटीटी या रक्त गोठायच्या तपासण्या, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, आणि पहिल्यांदाच तपासणी होत असेल तर व्हॉन विलेब्रँड या रक्त गोठवायला लागणाऱ्या प्रथिनाची तपासणी आणि प्लेटलेट नीट काम करतात का ते. कोलॅजनचा दोष आहे म्हणून दुसरा दोष नसेलच असं नाही. पाळीत जास्त रक्त जात असेल तर ते सांगायला लाजू नका, पाळीच्या आधीच्या दिवसांत स्वरतंतूच्या वाहिन्याही फुगलेल्या असतात आणि रक्तस्राव त्याच दिवसांत व्हायचा कल दिसतो. व्हिटॅमिन सी कोलॅजन बनवायला लागतं हे खरं, कमतरता असेल तर जरूर भरून काढा, पण ढिगाने घेऊन जीनमधला दोष सुधारत नाही.

साध्या, छोट्या रक्तस्रावाला मौनापलीकडे औषध लागत नाही. पुन्हा पुन्हा होत असेल किंवा शस्त्रक्रिया करायची असेल तर रक्तविकार तज्ज्ञाचा सल्ला घेऊन दोन औषधांचा विचार होतो. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, जे धरलेली गुठळी लवकर विरघळू देत नाही, ज्यांना आधी पायात किंवा फुफ्फुसात गाठ झालीय, फिट येतात, किडनी कमजोर आहे त्यांच्यात जपून. आणि डेस्मोप्रेसिन, जे एहलर्स-डॅनलॉसमधल्या रक्तस्रावाच्या प्रवृत्तीत काही जणांना उपयोगी पडल्याचं नोंदवलेलं आहे.

डेस्मोप्रेसिनबद्दल थांबून सांगते कारण इथे मी स्वतः चुकत होते. हे औषध शरीरात पाणी धरून ठेवतं, ते घेतल्यावर जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं, डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, फिटसुद्धा येऊ शकते. आणि आमचा आवडता सल्ला कुठला, भरपूर पाणी प्या. त्यातून या पेशंटांत बऱ्याच जणांना उभं राहिलं की धडधडतं आणि चक्कर येते, पॉट्स म्हणतात त्याला, त्यासाठी त्यांना आधीच दिवसाला दोन-तीन लिटर पाणी आणि मीठ सांगितलेलं असतं. मी सवयीने पाण्याचा कागद हातात ठेवला आणि एका पेशंटच्या आईनेच विचारलं, "पण मॅडम, या इंजेक्शननंतर पाणी कमी प्यायला सांगितलंय ना?" त्या माउलीने वेळेत विचारलं म्हणून निभावलं. तेव्हापासून औषध चालू आहे का हे विचारल्याशिवाय मी पाण्याचा विषयच काढत नाही. डेस्मोप्रेसिन दिलंय त्या दिवसात पाण्याचं माप डॉक्टर ठरवणार, सोडियम तपासणार, आणि घशाचा ओलावा वाफेने किंवा खोलीतल्या ह्युमिडिफायरने राखायचा.

पायरी ६: आतून बसणारे धक्के थांबवा

बोलणं बंद केलं तरी खोकला, शिंक, उलटी, कुंथणं चालूच राहिलं तर मौनाचा उपयोग अर्धा. खोकल्याचं कारण शोधा, दमा, नाकामागून गळणारा शेंबूड, पित्त वर येणं. पित्तासाठी झोपताना डोक्याकडची बाजू उंच, पण नुसत्या उशांची चवड लावून नाही, मान दुमडते, पलंगाचीच बाजू उंच करा. शिंक आली तर नाक दाबून आत जिरवू नका, तोंड उघडं ठेवून आवाज न करता जाऊ द्या. बद्धकोष्ठ असेल तर शौच मऊ करणारं औषध डॉक्टरांना विचारून लगेच सुरू करा, कुंथताना स्वरतंतू घट्ट मिटतात आणि वाहिन्यांवर दाब चढतो, आणि व्हॅस्क्युलर प्रकारात तर कुंथणं आतड्यासाठीही वाईट. जड उचलणं, फुगे फुगवणं, तोंडाने फुंकायची वाद्यं, सगळं बंद. बीपी रोज बघा.

पायरी ७: आवाज परत आणताना

दुर्बिणीत रक्त जिरलेलं दिसलं आणि लाट परत यायला लागली की सुरुवात. मी बारीक स्ट्रॉने करते, ग्लासात दोन बोटं पाणी, स्ट्रॉचं टोक पाण्यात, आणि "ऊ" असा मऊ आवाज काढत बुडबुडे. तोंडाकडे उलटा दाब राहतो म्हणून स्वरतंतू एकमेकांवर आपटत नाहीत, नुसते टेकतात. पहिल्या दिवशी दोन-दोन मिनिटं, चार वेळा, बस. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून शेजारी बसलेल्या एकाच माणसाशी हळू आवाजात ५ मिनिटांचं बोलणं, तासाला एकदा. मग दर दोन-तीन दिवसांनी ५-५ मिनिटं वाढवायची, आणि आवाज सकाळपेक्षा संध्याकाळी घोगरा झाला तर दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली.

सैल सांध्यांच्या माणसाला नेहमीचे व्यायाम सगळेच चालत नाहीत. जबडा मोठा उघडून जांभई देणं, मान गोल फिरवणं, स्वरयंत्र बोटांनी जोरात चोळणं हे टाळते. स्वरयंत्रातही छोटे सांधे आहेत आणि तेही सैल असू शकतात, म्हणून या लोकांचा आवाज आधीपासूनच स्नायू आवळून चालवलेला असतो, आणि रक्त फुटायचं खरं मूळ कधीकधी तिथेच सापडतं. पाठीला आणि मानेला आधार देऊन बसवा, हनुवटी एका जागी, ओठ मिटून "म्ं" वर काम करा. पॉट्स असेल तर उभं राहून व्यायाम नको. सेशन लहान ठेवा, ही माणसं लवकर दमतात आणि दमलं की आवळतात.

गायकांनी वरची पट्टी आणि जोराचा आवाज सगळ्यात शेवटी घ्यायचा, आणि त्याआधी स्ट्रोब पुन्हा एकदा करायचाच. कानाला बरं वाटणं आणि लाट पूर्ण परत येणं यात कधीकधी काही आठवड्यांचं अंतर असतं आणि दुसरा रक्तस्राव नेमका त्याच अंतरात होतो.

पायरी ८: शस्त्रक्रिया कधी, आणि कशी

गायिका अॅडेलने २०११ मध्ये असाच स्वरतंतूतला रक्तस्राव झाल्यावर दौरा रद्द केला, बोस्टनमध्ये लेझरने शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती परत गायला लागली, ते वाचून पेशंट विचारतात की मग आमचं का नाही करत. करता येतं, पण ज्याची जखम रुंद, पातळ व्रण धरून भरते त्याच्या स्वरतंतूवर व्रण म्हणजे कायमचा ताठ पडदा. म्हणून कारणं मोजकीच धरायची. एकाच फुगलेल्या वाहिनीतून पुन्हा पुन्हा रक्त येतंय, रक्ताची ताणलेली गाठ आठवडे झाले तरी जिरत नाही, किंवा तिचा पॉलिप, म्हणजे मांसल फुगवटा, बनलाय. व्हॅस्क्युलर प्रकारात तर टाळता येण्यासारखी कुठलीही शस्त्रक्रिया टाळायचीच असते.

फुगलेल्या वाहिनीसाठी केटीपी लेझर वापरतात, ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश, तो रक्तातल्या लाल रंगात शोषला जातो त्यामुळे वाहिनी बंद होते आणि वरची त्वचा बऱ्यापैकी वाचते. काही ठिकाणी हे पूर्ण भूल न देता खुर्चीत बसवून नाकातल्या दुर्बिणीतून करतात. मान मागे वाकवावी लागत नाही हा मोठा फायदा, पण बधिरता लागली नाही तर ठसका आणि बीपी दोन्ही उसळणार, त्यामुळे ज्याला स्प्रे लागत नाही त्याच्यासाठी हा मार्ग नाही.

पूर्ण भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञाशी आदल्या दिवशी नाही, काही आठवडे आधी बोला. कडक लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र बघायची सरळ नळी) लावताना मान मागे जाते, आणि मानेचे वरचे मणके सैल असतील तर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, म्हणून मानेची तपासणी आधी. जबडा निखळणं, दात, मार्फनमधला उंच अरुंद टाळू, नळी घालताना श्वासनळीच्या नाजूक त्वचेला ओरखडा, हे सगळं बोलून घ्यायचं. नळी लहान मापाची. स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेत कधीकधी नळीऐवजी जोराच्या हवेच्या झोताने श्वास देतात, मार्फन आणि व्हॅस्क्युलर प्रकारात फुफ्फुस फुटून हवा छातीत साचायचा धोका आधीच असतो, तिथे तो जोराचा झोत शक्यतो नकोच. महाधमनीचा ताजा एको (सोनोग्राफी) किंवा स्कॅन हातात असावा, बीपी आणि ठोके आटोक्यात ठेवणारी बीटा-ब्लॉकर गोळी सकाळी चुकवू नये. भूल उतरताना पेशंट खोकत, धडपडत जागा झाला तर अर्धं काम वाया, म्हणून शांत जागं करणं हे आधीच ठरवून ठेवायला सांगा. हातपाय टेबलावर मऊ गादी देऊन, सांधे न ताणता. नंतरचं मौन, दुर्बीण, स्ट्रॉ, सगळं पायरी २ पासून पुन्हा, फक्त अजून सावकाश.

पुढच्या वेळेसाठी

वर्गात शिकवणाऱ्यांनी, फोनवर काम करणाऱ्यांनी गळ्यात अडकवायचा माइक आणि छोटा स्पीकर घ्यावा, मान दुखत असेल तर पट्टा कमरेला. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस मोठ्या आवाजाची कामं ठेवू नका. दुर्बिणीचा व्हिडिओ मागून स्वतःजवळ ठेवा, पुढच्या वेळी नवा डॉक्टर असेल तर जुनं चित्र शेजारी लावून बघता येतं.

आणि पाकिटात एक कार्ड. त्या शिक्षिकांनी बनवलेलं मला फार आवडलं, एका बाजूला आजाराचं नाव, चालू औषधं, काय देऊ नये, भूल देताना मान आणि जबडा जपा, हृदयाच्या डॉक्टरांचा नंबर. दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात, लांबून वाचता येईल असं: "माझ्या स्वरतंतूत रक्तस्राव झालाय, मी बोलू शकत नाही. छातीत किंवा पाठीत दुखतंय असं मी खुणेने सांगितलं तर लगेच इमर्जन्सीत न्या." खाली त्यांनी खुणाही काढून ठेवल्यात, छातीवर मूठ म्हणजे छाती, मूठ खांद्यावरून मागे म्हणजे पाठ, कारण बोलता येत नाही आणि बोटं सरकली तर लिहिताही येणार नाही.